विल्बर्ट ऑड्री

विल्बर्ट व्हेर ऑड्री (१५ जून, इ.स. १९११:ॲम्पफील्ड, हॅम्पशायर, इंग्लंड - २१ मार्च, इ.स. १९९७:रॉडबरो, ग्लॉस्टरशायर, इंग्लंड) हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू, रेल्वेचे अभ्यासक आणि बालसाहित्यिक होते. रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री या नावाने त्यांनी इ.स. १९४५ ते इ.स. १९७२ या काळात लिहिलेली 'द रेल्वे सिरीज' ही २६ छोट्या पुस्तकांची मालिका बोलणाऱ्या आगगाड्यांच्या बालकथांमध्ये सर्वाधिक प्रसिद्ध मानली जाते. थॉमस हे निळे टँक इंजिन या मालिकेतील असून दूरचित्रवाणीमुळे ते भारतासह जगभरातील मुलांच्या ओळखीचे झाले. ऑड्री यांनी पहिली गोष्ट छापण्यासाठी लिहिली नव्हती. गोवराने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या मुलाची करमणूक व्हावी म्हणून त्यांनी ती सांगितली होती.

बालपण आणि बॉक्सचा बोगदा

विल्बर्ट यांचे वडील व्हेर ऑड्री हे ॲम्पफील्ड गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. विल्यम आणि हर्बर्ट या आपल्या दोन आवडत्या भावांच्या नावांची संधी करून त्यांनी मुलाचे नाव विल्बर्ट ठेवले. व्हेर यांना रेल्वेचा विलक्षण नाद होता. घराच्या बागेत त्यांनी सुमारे ४० यार्ड लांबीची लहानशी रेल्वे मांडली होती आणि गावातून जाणाऱ्या लोहमार्गावरील कामगारांशी त्यांचा घरोबा होता. वडिलांचे बोट धरून रुळांच्या कडेने हिंडणे ही विल्बर्ट यांची रेल्वेशी झालेली पहिली ओळख होय.

इ.स. १९१७ मध्ये हे कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स या गावी राहावयास गेले. ऑड्री यांच्या पुढील सर्व लेखनाचे मूळ या घरात सापडते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडन-ब्रिस्टल मार्ग तेथून अगदी जवळून जात असे आणि इझाम्बार्ड ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला, इ.स. १८४१ मध्ये खुला झालेला बॉक्सचा बोगदा घरापासून दोनेकशे यार्डांवर होता. या बोगद्याची लांबी सुमारे २.९ किलोमीटर असून त्यात १०० फुटांस १ फूट असा सलग चढ आहे. जड मालगाड्यांना हा चढ एका इंजिनाच्या बळावर चढता येत नसे. त्यामुळे गाडी पायथ्याशी थांबे, मागून ढकलण्यासाठी दुसरे इंजिन लावले जाई, दोन्ही इंजिने शिट्ट्या वाजवून परस्परांना इशारा देत आणि मग धापा टाकीत चढाला लागत.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लहानगा विल्बर्ट हे आवाज ऐकत असे. पुढच्या इंजिनाचे जड, थकलेले फुत्कार आणि मागच्या इंजिनाचे भराभर पडणारे फुत्कार यांत त्याला संवाद ऐकू येऊ लागला. पुढचे इंजिन हे आपल्याच्याने होणार नाही अशी तक्रार करी आणि मागचे त्याला धीर देत वर रेटी. चढ संपत आला की दोघांचा सूर बदले. इंजिने बोलतात ही कल्पना ऑड्री यांना सुचली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या कानावर पडली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मोठेपणीही वाफेच्या इंजिनाइतके माणसासारखे दुसरे यंत्र नाही, अशी त्यांची धारणा होती.

शिक्षण आणि धर्मसेवा

वेस्ट लॅव्हिंग्टन येथील डाँट्सीज शाळेत शिक्षण झाल्यावर ऑड्री ऑक्सफर्डच्या सेंट पीटर्स हॉलमध्ये दाखल झाले. इ.स. १९३२ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि पुढील वर्षी ऑक्सफर्डमधीलच विक्लिफ हॉल येथे धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर तीन वर्षे त्यांनी जेरुसलेम येथील सेंट जॉर्ज शाळेत अध्यापन केले. तेथेच त्यांची मार्गारेट वेल यांच्याशी ओळख झाली. इ.स. १९३६ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, हॅम्पशायरमधील ओडियम येथे ते साहाय्यक धर्मगुरू झाले आणि इ.स. १९३८ मध्ये त्यांचा मार्गारेट यांच्याशी विवाह झाला.

युद्धविरोधी भूमिका

ऑड्री शांततावादी होते. युद्ध कोणत्याही कारणासाठी असले तरी ते ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत आहे, असे त्यांचे मत होते आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावरही त्यांनी ते लपवले नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही भूमिका लोकांना रुचणारी नव्हती. वेस्ट लॅव्हिंग्टन येथील साहाय्यक धर्मगुरूचे पद त्यांना सोडावे लागले. नवविवाहित, पत्नी गर्भवती, हाताशी काम नाही आणि नवे काम देण्यास कोणी तयार नाही अशी त्यांची स्थिती झाली. अखेर बर्मिंगहॅमचे बिशप अर्नेस्ट बार्न्स यांनी त्यांना किंग्ज नॉर्टन येथील सेंट निकोलस चर्चमध्ये जागा दिली. बार्न्स स्वतः युद्धविरोधी होते.

बर्मिंगहॅम हे औद्योगिक शहर असल्याने जर्मन बॉम्बहल्ल्यांचे मोठे लक्ष्य होते. ज्या माणसाला युद्ध नाकारल्यामुळे पद गमवावे लागले, तो हल्ल्यांच्या छायेत असलेल्या त्या शहरातील लोकांची सेवा करू लागला. इ.स. १९४० मध्ये त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर जन्मला. पुढे व्हेरॉनिका आणि हिलरी या दोन मुली झाल्या.

गोवर आणि पहिली गोष्ट

इ.स. १९४२ च्या सुमारास ख्रिस्तोफरला गोवर आला. त्या काळी गोवराच्या रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवण्याची पद्धत होती. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दिवसेंदिवस अंधारात पडून राहणे असह्य होत असे, म्हणून ऑड्री त्याच्या उशाशी बसून गोष्टी सांगत. परिचित गोष्टींचा साठा संपल्यावर त्यांनी स्थानकात ओळीने उभ्या असलेल्या इंजिनांच्या एका प्रचलित बालगीताचा आधार घेतला आणि कागदावर इंजिनांची ओळ रेखाटून प्रत्येकाला चेहरा दिला. त्यांपैकी एक चेहरा उदास होता. मुलाने त्या इंजिनाचे नाव विचारले, तेव्हा वडिलांच्या तोंडून एडवर्ड हे नाव निघाले. तो उदास का, या पुढच्या प्रश्नावर तो म्हातारा झाला आहे आणि कित्येक दिवसांत त्याला कोणी बाहेर नेलेले नाही, असे उत्तर मिळाले. खोलीत कोंडलेल्या मुलाला शेडमध्ये कोंडलेल्या इंजिनाचे दुःख समजावून सांगावे लागले नाही.

एडवर्डची ही गोष्ट मुलाने पुनःपुन्हा सांगावयास लावली. लहान मुलांच्या नित्याच्या सवयीप्रमाणे तपशिलात किंचितही फरक पडला की तो चूक दाखवी, म्हणून ऑड्री यांनी ती हाताशी असलेल्या रद्दी कागदांच्या पाठीमागे लिहून ठेवली. मग एक्स्प्रेस गाडी ओढणारा, आपल्या वेगाचा ताठा मिरवणारा गॉर्डन आला. पावसाने रंग खराब होईल या भीतीने बोगद्यातून बाहेर पडण्यास नकार देणारा हेन्री आला. हेन्रीला शिक्षा म्हणून बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधून आत कोंडले जाते आणि गोष्ट तेथेच संपते. ही गोष्ट आजही वाचकांना अस्वस्थ करते.

या गोष्टी छापाव्यात असा आग्रह मार्गारेट यांनी धरला. बाजारातील मुलांची पुस्तके यांच्यापुढे काहीच नाहीत असे त्यांना वाटत होते आणि पती टाळाटाळ करीत असताही त्या मागे लागून राहिल्या. लेस्टरचे प्रकाशक एडमंड वॉर्ड यांनी हस्तलिखित स्वीकारले, परंतु तिन्ही इंजिनांना एकत्र आणणारी चौथी गोष्ट मागितली. त्यामुळेच हेन्रीची सुटका झाली. गॉर्डन भर रस्त्यात बंद पडतो, एकटा एडवर्ड गाडी ओढू शकत नाही आणि मदतीसाठी भिंत पाडून हेन्रीला बाहेर काढले जाते. 'द थ्री रेल्वे इंजिन्स' हे पुस्तक इ.स. १९४५ मध्ये प्रकाशित झाले.

थॉमसचा उगम निराळा आहे. युद्धकाळात दुकानांत खेळणी मिळत नसत. एका नाताळाला ऑड्री यांनी झाडूच्या दांड्याचे व लाकडाचे तुकडे जोडून मुलासाठी लहानसे टँक इंजिन तयार केले आणि त्याला निळा रंग दिला. टँक इंजिन म्हणजे कोळसा व पाणी यांसाठी वेगळे टेंडर न जोडता ते स्वतःच्या अंगावर वागवणारे इंजिन. असे इंजिन शंटिंगच्या आणि शाखामार्गावरच्या किरकोळ कामांसाठी वापरले जाते. मुलाने खेळण्याचे नाव थॉमस ठेवले आणि अर्थातच त्याचीही गोष्ट मागितली. 'थॉमस द टँक इंजिन' हे पुस्तक इ.स. १९४६ मध्ये निघाले.

द रेल्वे सिरीज

युद्धानंतर ऑड्री केंब्रिजशायरमधील एल्सवर्थ येथे धर्मगुरू झाले आणि इ.स. १९५३ ते इ.स. १९६५ या काळात नॉरफोकमधील एमनेथ येथे होते. या काळात जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक निघत राहिले. पुस्तके लहान मुलाच्या हातात मावतील अशी छोटी व आडवी असत. एका पानावर मजकूर आणि समोरच्या पानावर पूर्ण रंगीत चित्र, अशी त्यांची मांडणी शेवटपर्यंत कायम राहिली.

रेल्वेच्या बाबतीत ऑड्री कमालीचे काटेकोर होते. आपल्या कथेत घडणारी गोष्ट कोठल्या तरी खऱ्या रेल्वेवर कधी तरी घडलेली असली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता आणि त्यासाठी ते रेल्वेची नियतकालिके व अपघातांचे अहवाल वाचीत. हेन्री मासळीची गाडी घेऊन जात असताना बर्फाने गोठलेला सिग्नल चुकीचा इशारा देतो आणि अपघात होतो, ही कथा इ.स. १८७६ मध्ये ॲबट्स रिप्टन येथे झालेल्या भीषण अपघातावर आधारलेली आहे. मूळ अपघातात माणसे दगावली होती. कथेत कोणी मरत नाही, पण सिग्नल खाली पडून गाडीला मार्ग मोकळा असल्याचे दाखवतो ही तांत्रिक बाब जशीच्या तशी येते.

या अपघातामागे आणखी एक गंमतीचे कारण होते. सी. रेजिनाल्ड डॅल्बी हे चित्रकार रंगसंगतीत निपुण होते, परंतु इंजिनांच्या बांधणीकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. त्यांच्या चित्रांत हेन्री हा गॉर्डनसारखा दिसू लागला आणि बालवाचकांची विचारणा करणारी पत्रे येऊ लागली. मग हेन्रीला अपघात घडवून क्रू येथील कारखान्यात पाठवावे आणि नवा आकार देऊन परत आणावे, असा मार्ग लेखकाने काढला. पुढे पर्सी या हिरव्या इंजिनाच्या चित्रावरून दोघांचे बिनसले आणि डॅल्बी यांनी इ.स. १९५६ मध्ये काम सोडले. त्यांच्यानंतर जॉन केनी आणि मग गुन्वोर व पीटर एडवर्ड्स या दांपत्याने चित्रे काढली.

मुलांच्या पत्रांमुळेच सोडोर बेटाचा जन्म झाला. एक गाव अमुक स्थानकाच्या अलीकडे की पलीकडे, असे प्रश्न मुले विचारीत आणि पुस्तकांतील विसंगती नेमकी पकडीत. इ.स. १९५० मध्ये आईल ऑफ मॅन या बेटावर गेले असता ऑड्री यांच्या लक्षात आले, की तेथील बिशपच्या पदनामात सोडोर आणि मॅन अशी दोन नावे आहेत. मॅन बेट तर समोर होते, पण सोडोर नावाचे बेट नकाशावर नव्हते. ते नाव प्रत्यक्षात स्कॉटलंडजवळच्या दक्षिण बेटांना नॉर्स लोकांनी दिलेल्या जुन्या नावाचा अवशेष आहे. ऑड्री यांनी आईल ऑफ मॅन व इंग्लंडचा किनारा यांच्यामधल्या समुद्रात सोडोर बेट वसवले आणि बंधू जॉर्ज यांच्या मदतीने त्याचा भूगोल, इतिहास, बोली, राजवंश व लोहमार्ग रचले. हा सर्व तपशील इ.स. १९८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

मालिकेत ब्रिटिश रेल्वेचा समकालीन इतिहासही दिसतो. इ.स. १९४८ च्या आरंभी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर कथांतील लठ्ठ संचालकाचा लठ्ठ नियंत्रक झाला. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डिझेल इंजिने आली तेव्हा ती कथांत बहुधा तोंडावर गोड आणि मागून कारस्थानी म्हणून आली. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेवरील वाफेची वाहतूक ऑगस्ट, इ.स. १९६८ मध्ये संपली. त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकात एक वाफेचे इंजिन भंगारात जाण्याच्या भीतीने पळ काढून रातोरात सोडोर गाठते. सोडोरच्या रेल्वेवर शिक्षा होते, शेडमध्ये कोंडले जाते, पण इंजिन भंगारात काढले जात नाही, हा नियम ऑड्री यांनी शेवटपर्यंत पाळला.

वेल्समधील टॅलिलिन ही अरुंदमापी रेल्वे इ.स. १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली. स्वयंसेवकांनी जतन केलेली ती जगातील पहिली रेल्वे होय. ऑड्री तेथे आरंभीच्या स्वयंसेवकांपैकी होते आणि सुट्टीत गार्डचे काम करीत. एकदा फराळाचे पदार्थ विकणाऱ्या बाईंना स्थानकावर विसरून त्यांनी गाडीला हिरवा झेंडा दाखवला. स्वतःची ही फजिती त्यांनी पुढे एका कथेत घातली.

बोलणाऱ्या इंजिनांची परंपरा

बोलणारी इंजिने ऑड्री यांच्यापूर्वीही होती. मुंबईत जन्मलेले रुड्यार्ड किपलिंग यांनी इ.स. १८९७ मध्ये '.००७' ही कथा लिहिली. तिच्यात अमेरिकेतील एका शेडमध्ये आलेल्या नव्या इंजिनाची जुनी इंजिने टर उडवतात आणि एका रात्रीच्या अपघाताच्या वेळी ते आपली योग्यता सिद्ध करते. ही कथा मुलांपेक्षा मोठ्यांसाठी होती. अमेरिकेत इ.स. १९३० मध्ये निघालेले 'द लिटल इंजिन दॅट कुड' हे खेळण्यांनी भरलेली गाडी डोंगरापार नेणाऱ्या चिमुकल्या इंजिनाचे पुस्तक अफाट खपले. रूळ सोडून कुरणात बागडणाऱ्या 'टूटल' या इंजिनाची गोष्ट 'द थ्री रेल्वे इंजिन्स' निघाले त्याच वर्षी अमेरिकेत आली.

अमेरिकी कथांतील इंजिन जिद्दीचा किंवा आज्ञाधारकतेचा एक धडा देऊन थांबते. ऑड्री यांच्या इंजिनांना मात्र स्वभाव आहेत आणि ते एका गोष्टीत सुधारून संपत नाहीत. गॉर्डनचा ताठा उतरतो आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा चढतो. पाप, शिक्षा, पश्चात्ताप आणि क्षमा हा क्रम लेखकाच्या धर्मगुरुपदाला साजेसा आहे, परंतु प्रवचनाचा सूर कथांत क्वचितच लागतो.

इंजिनाच्या ठिकाणी मूल स्वतःला इतक्या सहज का पाहते, याची उत्तरे या कथांच्या रचनेतच मिळतात. इंजिन अवाढव्य व बलवान असते, तरी त्याला रूळ सोडून जाता येत नाही. केव्हा निघायचे, कोठे थांबायचे हे दुसरे ठरवतात आणि सांधा बदलणाराच त्याची वाट निवडतो. अंगात जोर पुष्कळ, पण मोकळीक थोडी, ही मुलाचीही स्थिती असते. शिवाय इंजिनाला मोठ्यांच्या जगातले खरे काम असते आणि वेळेवर पोहोचल्याची शाबासकी मिळते. उपयोगी इंजिन म्हणून गणले जाणे हा सोडोर बेटावरचा सर्वांत मोठा सन्मान आहे.

चेहऱ्याचाही भाग मोठा आहे. इंजिनाच्या गोल दर्शनी भागावर काढलेला चेहरा साधा व ठळक असतो आणि त्यावरील आनंद, राग वा भीती ओळखण्यास वेळ लागत नाही. ब्रिटनमधील नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी या संस्थेने पालकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा स्वमग्न मुलांचे थॉमसशी विशेष घट्ट नाते जडते असे दिसून आले. स्पष्ट हावभाव, संथ कथन, ठरावीक रंग व क्रमांक आणि वेळापत्रकाने बांधलेले जग ही त्याची कारणे सांगितली जातात.

दूरचित्रवाणी

जून, इ.स. १९५३ मध्ये बीबीसीने हेन्रीच्या गोष्टीचे छोट्या प्रतिकृती वापरून थेट प्रक्षेपण केले. सांधा नीट न लागल्याने इंजिन रुळांवरून घसरले आणि ते उचलून ठेवणारा माणसाचा हात प्रेक्षकांना दिसला. ऑड्री यांना हा प्रकार अतिशय लागला. त्यानंतर तीस वर्षांनी निर्मात्या ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी हक्क मिळवून तयार केलेली मालिका इ.स. १९८४ मध्ये सुरू झाली. बीटल्सचे रिंगो स्टार तिचे पहिले निवेदक होते. तिला जगभर प्रेक्षक लाभले आणि मालिकेच्या शीर्षकात थॉमस अग्रभागी आला. मूळ पुस्तकांत तो अनेकांपैकी एक आहे.

आरंभीचे भाग ऑड्री यांना बरे वाटले. पुढे पुस्तकांबाहेरच्या कथा येऊ लागल्या आणि इंजिन मनास येईल तेथे रानात थांबू लागले, तेव्हा रेल्वेचे नियम न जाणणाऱ्यांच्या हाती आपली पात्रे गेली आहेत अशी नाराजी त्यांनी उघडपणे व्यक्त केली. इ.स. १९८३ पासून ख्रिस्तोफर यांनी मूळ मालिका पुढे चालवून तिच्यात १६ पुस्तकांची भर घातली. ज्या मुलासाठी पहिली गोष्ट सांगितली गेली तोच मालिकेचा दुसरा लेखक झाला.

जपानमध्ये फुजी-क्यू हायलँड येथे इ.स. १९९८ मध्ये थॉमसचे उद्यान सुरू झाले आणि ओइगावा रेल्वेवर इ.स. २०१४ पासून थॉमसचा चेहरा लावलेले खरे वाफेचे इंजिन धावते. इ.स. २०१६ च्या 'द ग्रेट रेस' या चित्रपटात आशिमा हे भारतीय इंजिन आले. त्याचे रूप निलगिरी पर्वतीय रेल्वेच्या इंजिनावरून घेतले आहे.

टीका

सोडोरवरील समाजव्यवस्था जुन्या इंग्लंडची आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला. मोठी इंजिने वरिष्ठ वर्गाची, वाघिणी उपद्रवी कामकरी वर्गाच्या आणि सर्वांवर टोपीवाल्या नियंत्रकाचा अंमल, असे हे चित्र आहे. स्त्री-पात्रे बहुतेक डब्यांच्या रूपात येतात आणि इंजिनांमागून जातात. हा दोष पुढच्या दूरचित्रवाणी मालिकांनी नव्या पात्रांद्वारे दूर करण्याचा प्रयत्न केला. इ.स. १९५१ च्या एका पुस्तकात काजळी लागलेल्या मुलांसाठी कृष्णवर्णीयांविषयी अपमानास्पद उपमा होती. आक्षेप आल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत ती बदलण्यात आली.

मराठी मुलखातील आगगाडी

आशियातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल, इ.स. १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली तेव्हा ती ओढणाऱ्या तीन इंजिनांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावे होती. बॉक्सच्या चढाचे बोर घाटात याहून उग्र रूप आहे. तेथे कर्जत-लोणावळा मार्गावर ३७ फुटांस १ फूट चढ असून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लावण्याची पद्धत आहे. रात्रीच्या गाडीने पुण्याला जाताना कर्जतला बसणारा तो हलका धक्का अर्धवट झोपेतल्या प्रवाशांच्या परिचयाचा आहे. इ.स. १९३० मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस तिचे नित्याचे प्रवासी दरवर्षी १ जूनला केक कापून साजरा करतात. गाडीला माणूस मानण्याची हौस मुलांपुरती नाही, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मराठीत आगगाडी बोलली ती मात्र निराळ्या स्वरात. कुसुमाग्रजांच्या 'आगगाडी व जमीन' या कवितेत पायाखाली तुडवली जाणारी जमीन गाडीची विनवणी करते आणि गाडी मदाने तिला झिडकारते. 'विशाखा' हा ज्यात ती आहे तो संग्रह इ.स. १९४२ मध्ये, म्हणजे किंग्ज नॉर्टनच्या अंधाऱ्या खोलीत एडवर्डची गोष्ट जन्मली त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. उन्मत्त इंजिनाचा पाडाव दोन्हीकडे आहे. परंतु परतंत्र देशातील कवीला आगगाडीत सत्ताधारी दिसला आणि इंग्लंडच्या धर्मगुरूला तिच्यात आपला खोडकर मुलगा दिसला. ऑड्री यांचे घसरलेले इंजिन दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन येते. कुसुमाग्रजांच्या गाडीला ती सोय नाही.

बालगीतांतील आगगाडी याहून सौम्य आहे. मामाच्या गावाला निघालेल्या गाडीचे ग. दि. माडगूळकरांचे गीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या गायले जाते, तर पुण्याच्या पेशवे उद्यानात इ.स. १९५६ मध्ये सुरू झालेली फुलराणी ही अनेक मुलांची पहिली आगगाडी ठरली. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी इ.स. १९०७ पासून आहे आणि ती पाहिलेल्या वाचकाला सोडोरच्या डोंगरातील अरुंदमापी इंजिने परकी वाटत नाहीत.

या संदर्भात रत्नागिरी जिल्ह्याची स्थिती लक्षणीय आहे. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जेथे मिळतो त्या हातखंबा तिठ्यावर कित्येक दशके एस.टी.ची गाडी हेच लांबच्या प्रवासाचे साधन होते. जिल्ह्यात रूळच नव्हते. तरीही एकमेकांच्या सदऱ्याचे टोक धरून तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत अंगणभर धावण्याचा खेळ येथील मुले खेळत होती. आगगाडी त्यांच्यापर्यंत गाण्यांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या बोलण्यातून पोहोचली होती.

कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली ती २६ जानेवारी, इ.स. १९९८ रोजी, ऑड्री यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी. हातखंब्यापासून फार दूर नसलेला पानवलचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल आणि रत्नागिरीच्या उत्तरेचा साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा याच मार्गावर आहेत. इ.स. १९९९ पासून कोलाडहून मालवाहू ट्रक चक्क वाघिणींवर चढवून नेले जाऊ लागले. महामार्गाने हातखंब्यावरून गेले असते असे ट्रक, चालकांसह, आगगाडीच्या पाठीवर बसून गोव्याकडे निघाले. ऑड्री यांनी हे पाहिले असते तर त्यांना आणखी एक कथा मिळाली असती. या मार्गावर आरंभापासून डिझेल इंजिने होती आणि इ.स. २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले. वाफेच्या इंजिनाची नियमित वाहतूक येथे कधीच नव्हती. मुलांच्या खेळातली गाडी येथे अजूनही झुकझुक असाच आवाज करते.

अखेरची वर्षे

इ.स. १९६५ मध्ये पूर्णवेळ धर्मसेवेतून निवृत्त होऊन ऑड्री ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडजवळ रॉडबरो येथे स्थायिक झाले. घराला त्यांनी सोडोर हे नाव दिले होते. तेथे ते प्रतिकृती रेल्वे मांडीत आणि ती प्रदर्शनांतून मुलांना दाखवीत. 'ट्रॅमवे इंजिन्स' हे त्यांचे शेवटचे पुस्तक इ.स. १९७२ मध्ये आले. पुढचे कथानक सुचेना, तेव्हा त्यांनी ओढूनताणून लिहिण्यापेक्षा थांबणे पसंत केले. मार्गारेट यांचे इ.स. १९८९ मध्ये निधन झाले. ब्रायन सिब्ली यांनी लिहिलेले ऑड्री यांचे चरित्र इ.स. १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९९६ च्या नववर्ष सन्मानांत त्यांना ओ.बी.ई. हा किताब जाहीर झाला, परंतु प्रकृती ढासळल्याने तो स्वीकारण्यासाठी त्यांना लंडनला जाता आले नाही. २१ मार्च, इ.स. १९९७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी रॉडबरो येथील घरी त्यांचा मृत्यू झाला.